बोर्ड कोणता घ्यायचा?



भोपाळमध्ये ‘बोर्ड’ हा शब्द निघाला की आम्हां शिक्षकांना आधी माध्यमिक शिक्षण मंडळ आठवते. महाराणा प्रताप नगरला लागून असलेला चौराहा तर सगळे शहर ‘बोर्ड ऑफिस’ याच नावाने ओळखते. त्यामुळे गेल्या महिन्यात अकरावीचा एक विद्यार्थी वडिलांना घेऊन आमच्या खोलीत आला आणि म्हणाला, “सर, बोर्डावरून घरात भांडण झालंय,” तेव्हा आम्ही सवयीने विचारले, “का रे, शाळा बदलायची आहे का?” बाप-लेक दोघेही हसले. आठवड्याभरात दोघे एकत्र हसल्याची ती पहिलीच वेळ, असे वडिलांनी नंतर सांगितले. भांडण मदरबोर्डावरून होते.

हकीकत अशी. मुलाला गेम खेळण्यासाठी संगणक असेंबल करायचा होता. दहावीला चांगले गुण मिळवले म्हणून आजीने आपली एक मुदत ठेव मोडून त्याला नव्वद हजार रुपये दिले होते. मॉनिटर घरचा जुनाच वापरायचा होता. प्रोसेसर ठरला, ग्राफिक्स कार्ड ठरले आणि गाडी मदरबोर्डापाशी अडली. वडिलांच्या हातात एम. पी. नगरच्या एकाच दुकानाची दोन कोटेशने होती. दोन्ही बोर्ड एकाच कंपनीचे, दोन्हींवर ‘बी६५०एम’ लिहिलेले, पुढची अक्षरे तेवढी वेगळी. एकाची किंमत रु. ११,५००, दुसऱ्याची रु. १६,८००. मुलगा म्हणत होता, महागाचाच हवा, कारण तो ‘गेमिंग’ आहे. वडील म्हणत होते, दोन्ही सारखेच दिसतात, मग वरचे रु. ५,३०० कशाचे? प्रश्न दोघांचाही रास्त होता. उत्तर मात्र दोघांकडेही नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमच्याकडेही नव्हते.

गेम खेळायच्या संगणकात मुख्याध्यापकांनी कशाला लक्ष घालावे, असे आमच्या एका सहकाऱ्यांनी विचारलेही. प्रश्न योग्य आहे. पण मागच्या पालकसभेत “घरातली मोठी खरेदी मुलांशी बोलून करा” असा उपदेश आम्हीच केला होता. उपदेश करून मोकळे होणे सोपे असते. यावेळी त्याची किंमत चुकवायची पाळी आमच्यावर आली, इतकेच.

दुसरेही एक कारण होते. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली. संगणक आमच्या आयुष्यात नोकरी लागल्यानंतर आला. २००६ साली आम्ही दुसऱ्या एका शाळेत होतो आणि तिथल्या प्रयोगशाळेसाठी दहा संगणक घेण्याचे काम आमच्याकडे आले. तेव्हाही दुकानात दोन बोर्ड समोर ठेवले गेले. एकावर इंटेलचा ८६५ चिपसेट, दुसऱ्यावर ९४५. दिसायला जुळे भाऊ, प्रोसेसर दोन्हींत तोच बसणारा. ८६५ चा बोर्ड नगामागे काहीशे रुपयांनी स्वस्त. आम्ही तोच घेतला आणि शाळेचे पैसे वाचवले म्हणून स्वतःवर खूष झालो. दोन वर्षांनी मेमरी वाढवायची वेळ आली तेव्हा कळले की आमच्या बोर्डाला जुनी डीडीआर मेमरी लागते. ९४५ वाल्याला डीडीआर २ चालत होती. एका पट्टीला १८४ पिना, दुसरीला २४०; एक दुसरीच्या जागी बसणे शक्यच नाही. बाजार तोवर डीडीआर २ ने भरलेला आणि जुनी मेमरी दुर्मिळ व महाग. वाचवले त्याहून जास्त गेले. ते पैसे पालकांच्या वर्गणीचे होते. दुकानदाराने आम्हांला फसवले नव्हते. “पुढे मेमरी कोणती लागेल?” एवढा एक प्रश्न आम्हीच विचारला नव्हता.

म्हणून एका शनिवारी दुपारी आम्ही तिघे एम. पी. नगरला गेलो. वाचकांपैकी बहुतेकांची मुले या भागात कोचिंगला जातात, तेव्हा वर्णन करण्याची गरज नाही. एकीकडे प्रेस कॉम्प्लेक्स, दुसरीकडे पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचे मोठमोठे फलक, आणि मधल्या इमारतींत संगणकाची दुकाने. मुंबईकरांना जे लॅमिंग्टन रोड, दिल्लीकरांना जे नेहरू प्लेस, ते लहान प्रमाणावर आपल्याला एम. पी. नगर. दुकानदार सज्जन होता. त्याने सरळ सांगितले, “सर, दोनों एक ही हैं, बस ये वाला गेमिंग है.” या एका वाक्यात दोन विधाने आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत, हे आमच्या आधी मुलाच्याच ध्यानात आले. त्याने वहीत दोन रकाने आखले आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून दोन्ही बोर्डांचे तपशील समोरासमोर लिहून काढले.

आधी जे सारखे ते पाहू. चिपसेट एकच, एएमडीचा बी६५०, जो २०२२ मध्ये आला. सॉकेट एकच, एएम५. मेमरी एकच, डीडीआर ५. ग्राफिक्स कार्डाचा मुख्य स्लॉटही त्याच वेगाचा. चिपसेट आणि सॉकेट एक म्हणजे कूळ एक. गेममध्ये चित्र किती झरझर हलेल हे मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. ते दोन्ही तेच राहिले, तर नीट बनवलेल्या अशा दोन बोर्डांवर खेळाच्या वेगात डोळ्यांना कळेल असा फरक पडत नाही. हे ऐकून मुलाचा चेहरा थोडा उतरला. वडिलांचा उजळला. पण गोष्ट इथे संपत नाही.

आता वेगळे काय ते पाहू. पहिला फरक विजेचा. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग बोर्डावरच असतो आणि महागड्या बोर्डावर तो भारी होता. या मुलाने ठरवलेला रायझन ५ मालिकेतला ७६०० हा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला. जोर लावला तरी त्याची मर्यादा ८८ वॅट. त्याच सॉकेटमध्ये बसणारा मोठा ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत ओढतो. महागडा बोर्ड त्या मोठ्याच्या तयारीने बनवलेला. चौघांच्या भातासाठी लग्नघरचे पातेले विकत घेण्यासारखे हे झाले. पण एक गोष्ट मुलाने बरोबर पकडली. स्वस्त बोर्डाच्या या भागावर उष्णता काढणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, नव्हतीच. भोपाळात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मुलाच्या खोलीत कूलर आहे, एसी नाही. तेव्हा ही पट्टी केवळ शोभेची म्हणता येणार नाही.

दुसरा फरक रॅमच्या जागांचा. एकात दोन, दुसऱ्यात चार. आमच्या पिढीला वाटते, जागा जास्त तर बरे. पण डीडीआर ५ मध्ये हिशेब वेगळा आहे. या मालिकेच्या प्रोसेसरला दोन पट्ट्या लावल्या तर एएमडी ५२०० चा वेग सांगते, चारही भरल्या तर ३६०० चा. म्हणजे चार जागा असूनही दोनच पट्ट्या लावणे हिताचे. घरच्या गेमसाठी दोन जागा पुरतात.

तिसरा फरक एसएसडी लावण्याच्या एम.२ स्लॉटचा. स्वस्त बोर्डावर एकच, महागड्यावर तीन. आम्ही म्हणालो, एक पुरे. तेव्हा मुलाने आम्हांला शिकवले की आजचा एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या वर जागा घेतो. आज घेतलेली एसएसडी दोन वर्षांत भरेल आणि स्लॉट एकच असेल तर जुनी काढूनच नवी लावावी लागेल. हा मुद्दा त्याने जिंकला.

चौथा फरक नेटवर्कचा. महागड्यावर वायफाय आणि २.५ गिगाबिटचा लॅन, स्वस्तावर वायफाय नाही आणि लॅन एक गिगाबिटचा. घरी येणारे इंटरनेट १०० मेगाबिटचे. नळाला पाणी जेवढे येते तेवढेच येणार, पाइप कितीही रुंद घाला. शिवाय ऑनलाइन खेळात वायफायपेक्षा तारेचे कनेक्शन जास्त भरवशाचे, हे मुलालाही मान्य होते. राउटर बैठकीत, खोली आत. मधे पंधरा मीटर तार. हा मुद्दा वडिलांनी जिंकला.

राहता राहिले दिवे, रंगीत झाकणे आणि खोक्यावरचा ‘गेमिंग’ हा शब्द. दिवे आवडणे हा गुन्हा नाही. आम्हीही तरुणपणी सायकलला नको तेवढे रिफ्लेक्टर लावले होते. फक्त त्यांचे पैसे आपण दिव्यांसाठी देत आहोत, वेगासाठी नाही, एवढे देणाऱ्याला ठाऊक असावे.

रकाने भरून झाल्यावर दिसले की मुलाला नेमके काय हवे: बी६५०, दोन एम.२ स्लॉट, वीजपुरवठ्यावर हीटसिंक. वायफाय नसले तरी चालेल. तसा तिसरा बोर्ड त्याच दुकानात रु. १२,७०० ला होता. तो कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हता, कारण तो कोणी मागितलाच नव्हता. वाचलेले रु. ४,१०० मुलाने स्वतःहून चांगल्या एसएमपीएसकडे वळवले. संगणकातले सर्वांत दुर्लक्षित आणि बिघडले तर सर्वांत महाग पडणारे अंग तेच, असे दुकानातल्या कारागिराने आम्हांला सांगितले.

आता आमचे मत. आपल्या घरांत खरेदीच्या दोन सवयी खोल रुजलेल्या आहेत. आपल्यापैकी अनेकांची घराणी १९५६ नंतर, भोपाळ राजधानी झाल्यावर, नागपूर-ग्वाल्हेर-इंदूरकडून इथे आली आणि पगाराच्या वहीवर उभी राहिली. ‘स्वस्त आणि टिकाऊ’ हा त्या पिढीचा मंत्र. त्यानंतरच्या पिढीच्या हातात थोडा पैसा आला आणि ‘महाग म्हणजे चांगले’ ही दुसरी सवय लागली. दोन्ही सवयींत एक गोष्ट समान आहे. दोन्ही फक्त किंमत वाचतात. एक खालून वाचते, दुसरी वरून. वस्तूने आपल्या घरी कोणते काम करायचे आहे हा प्रश्न दोन्हींत सुटून जातो. २००६ साली आम्ही किंमत खालून वाचली होती. हा मुलगा वरून वाचत होता. चूक एकच.

नावांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावे लागते. एमएसआयचे ‘प्रो बी७६०एम-ए वायफाय’ आणि ‘प्रो बी७६०एम-ए वायफाय डीडीआर४’ हे इंटेलसाठीचे दोन बोर्ड घ्या. नावात एका शेपटाचा फरक, पण पहिल्याला डीडीआर ५ लागते, दुसऱ्याला डीडीआर ४, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. काही कंपन्या हे शेपूट आणखी आखडून नुसते ‘डी४’ लिहितात. दुसरे उदाहरण आकड्यांचे. एएमडीचा बी८४० चिपसेट २०२५ चा, म्हणजे बी६५० पेक्षा नवा आणि आकड्यानेही मोठा. पण क्षमतेत तो खालचा आहे. त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही आणि चिपसेटकडून मिळणाऱ्या जोडण्याही जुन्या, तिसऱ्या पिढीच्या. आकडा मोठा म्हणून माल मोठा, असे समजणारा इथे हमखास फसतो.

सध्या एक मोह विशेष आहे. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी मोठी आहे. त्यामुळे ‘डीडीआर ४ चा बोर्ड घ्या, स्वस्तात काम होईल’ असा सल्ला मिळतो. घरात डीडीआर ४ च्या चांगल्या पट्ट्या आधीच पडून असतील तर हा सल्ला शहाणपणाचा आहे. पण रॅमही नवीच विकत घ्यायची असेल, तर जाऊ घातलेल्या जातीचा बोर्ड घेणे म्हणजे आमच्या २००६ च्या चुकीची दुसरी आवृत्ती. एएम५ सॉकेटसाठी २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही प्रोसेसर देण्याचे एएमडीने जाहीर केलेले आहे. पुढे फक्त प्रोसेसर बदलून काम भागण्याची ती सोय आहे आणि अशा सोयीसाठी थोडे जास्त मोजणे आम्हांला पटते.

सेकंडहँड बोर्ड घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि व्हॅलोरंटसारखे काही गेमही विंडोज ११ वर तेच मागतात. ज्या जुन्या बोर्डावर ही सोय नाही, तो फुकट मिळाला तरी महाग.

जे पालक असा संगणक घेणार असतील त्यांच्यासाठी आम्ही शिकलेल्या गोष्टी थोडक्यात देतो.

१. आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठरवा, मग बोर्ड. उलट क्रमाने जाऊ नका.

२. बोर्डाचे संपूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत, कागदावर लिहून घ्या. बिलावर तेच नाव आले आहे का, ते पाहा.

३. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाला चालणारे प्रोसेसर आणि मेमरी यांची यादी असते. आपला माल तिच्यात आहे का, ते मुलाकडून तपासून घ्या. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बायोस अपडेट करून द्यायला दुकानातच सांगा.

४. दुकान सोडण्यापूर्वी सॉकेट डोळ्यांनी पाहा. एएम५ मध्ये १७१८ बारीक पिना बोर्डावरच असतात. एक वाकली तर वॉरंटी मिळणे कठीण. वरचे प्लॅस्टिकचे झाकण फेकू नका, सर्व्हिसला देताना ते मागितले जाते.

५. पक्के जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवायची ‘सूट’ ही सूट नसते.

आता ज्या पालकांना मुळात गेमच पसंत नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे आणि ई-स्पोर्ट्स त्यापासून वेगळे धरले आहेत. दोन्हींना एका मापाने मोजू नये. तरीही वेळेचा प्रश्न उरतोच आणि तो कोणताही मदरबोर्ड सोडवत नाही. या घरात रोज संध्याकाळी एक तास, परीक्षेच्या महिन्यात बंद, असा करार झाला. तो कितपत पाळला जाईल याबद्दल वडिलांना अजून शंका आहे आणि त्यांनी ती आमच्यासमोर, मुलासमोर बोलून दाखवली. आम्हांला ते आवडले. मनातली शंका मनात ठेवून दिलेली वस्तू घरात नीट नांदत नाही.

संगणक तयार झाल्यावर आजींनी नातवाला विचारले म्हणे, “माझी ठेव यात कुठे आहे ते तरी दाखव.” मुलाने कॅबिनेटची बाजू उघडली आणि एकेक भागावर बोट ठेवून त्यांना सगळे समजावले. वीज कुठून येते, आठवण कुठे राहते, चित्र कुठे बनते. आजींना किती कळले ठाऊक नाही. मुलाला मात्र सगळे कळले होते, कारण समजावताना तो कुठे अडला नाही. परीक्षेत याहून निराळे आपण काय तपासतो?

इथे आमच्या शाळेचीही एक त्रुटी कबूल करायला हवी. आम्ही वर्षानुवर्षे ‘संगणक’ हा विषय शिकवतो, मुलांकडून मदरबोर्डाची व्याख्या पाठ करून घेतो आणि खरा मदरबोर्ड उघडून कधी दाखवत नाही. म्हणून ठरवले आहे की प्रयोगशाळेतले जे संगणक निकामी झाले आहेत ते भंगारात न देता आठवी-नववीच्या मुलांसमोर उघडायचे. मुलांनी सॉकेट ओळखावे, मेमरीची पट्टी काढून परत बसवावी, आणि दोन बोर्ड शेजारी ठेवून वहीत दोन रकाने आखावेत: सारखे काय, वेगळे काय, आणि त्यातले आपल्याला लागणारे काय. पालकांपैकी ज्यांना या कामाची जाण आहे त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा, ही विनंती. घरी जुना, बंद पडलेला बोर्ड असेल तर तोही शाळेत पाठवावा. पुढे ही मुले मोटारसायकल घेतील, कॉलेज निवडतील, नोकरी निवडतील. तिथेही दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी समोर येतील आणि कोणीतरी सज्जन माणूस सांगेल, “दोनों एक ही हैं.” तेव्हा त्यांच्या हातात वही असावी.